दरवर्षी एसीत गॅस भरावा लागतोय? गॅस संपत नसतो, कुठूनतरी जात असतो

सलग तीन उन्हाळे गॅस भरला मी. तिन्ही वेळा तोच सीन. गरम व्हायला लागलं की एसी लावायचा, पहिले दोन दिवस बरं वाटायचं, मग एका रात्री घामाने जाग यायची, बघतो तर ब्लोअर फिरतोय, रिमोटवर १८ दिसतंय आणि खोली होती तशीच. मग फोनाफोनी, मग कोणीतरी येणार, आउटडोअरला (बाहेरच्या युनिटला) गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावणार, काट्याकडे बघून मान हलवणार आणि म्हणणार, "साहेब, गॅस कमी झालाय." भरून जायचा तो, हवा थंड यायची, आपण खूश. पुढच्या वर्षी परत पहिले पाढे पंचावन्न. चौथ्या वर्षी एक जरा शांत डोक्याचा मेकॅनिक भेटला, त्याने गॅसच्या सिलिंडरला हात लावायच्या आधी जे काही केलं ते बघून माझे डोळे उघडले, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद पाइपांमधून तो नुसता गोल गोल फिरत असतो, आतल्या कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यात, उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता घेतो, मग कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेरच्या कॉइलमध्ये ढकलतो, तिथे ती उष्णता सोडून त्याचा परत द्रव होतो आणि परत आत. यात खर्च होण्यासारखं काही नाही. घरातला फ्रिजसुद्धा असाच चालतो, पंधरा पंधरा वर्षं चालतो, त्यात दर उन्हाळ्यात कोणी गॅस भरतं का? फरक एवढाच की फ्रिजचे जोड कारखान्यात ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून सांधून, कायमचे बंद केलेले असतात, आणि स्प्लिट एसीचे चार जोड तुमच्या घरी, कोणीतरी शिडीवर लटकून, घाईघाईत नट आवळून केलेले असतात. दोन इनडोअरच्या मागे, दोन आउटडोअरच्या व्हॉल्व्हवर. त्यांना फ्लेअर जोड म्हणतात, हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणजे कोणी "गॅस कमी आहे" म्हटलं तर त्याचे दोनच अर्थ निघतात. एकतर गॅस खरंच कुठूनतरी गळतोय, आणि मग गळती न शोधता भरणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं. नाहीतर गॅस ठीकच आहे, थंड न व्हायचं कारण वेगळंच आहे, आणि गॅस हे सांगायला सगळ्यात सोपं उत्तर आहे. माझ्याकडे पहिल्या वर्षी दुसरा प्रकार होता आणि पुढे पहिला, आणि गंमत म्हणजे ती गळती पहिल्या वर्षीच्या गॅस चेकिंगमुळेच सुरू झाली होती. ते सांगतो पुढे.

तर गेज लावायच्या आधी काय काय बघायचं. फिल्टर तर बघाच, तुम्ही म्हणाल हे सगळ्यांना माहितीये, पण माहिती असणं आणि धुणं यात फार अंतर आहे. रोज वापर असेल तर दोन आठवड्यांनी एकदा धुवा. फिल्टर स्वच्छ असूनही हवा कमी वाटत असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून हवा बाहेर येते त्या फटीतून आत बघा, लांब गोल पंखा दिसेल, तो ब्लोअर. त्याच्या पात्यांवर काळा थर बसला असेल तर आवाज पूर्ण येतो आणि हवा अर्धीच येते. माणूस आवाजावरून फसतो. हे वरच्या वरच्या सर्व्हिसमध्ये निघत नाही, पुढचं कव्हर काढून प्लास्टिकची पिशवी बांधून जेटने धुवावं लागतं. धुताना पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड, झाकलंय ना ते स्वतः बघा, पाणी गेलं की गॅस वगैरे बाजूलाच राहतं आणि कार्डचा खर्च अंगावर येतो.

मग आउटडोअर. लोक इथेच चुकतात, मीही चुकलो. आतल्या युनिटची सर्व्हिस दरवर्षी होते आणि बाहेरच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, कारण ते अडचणीच्या जागी असतं. बाहेरच्या युनिटचं काम आहे खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकणं, आणि त्याच्या मागच्या जाळीवर धुळीची गोधडी बसली असेल, समोर कपडे वाळत घातले असतील, किंवा ते अशा कोनाड्यात बसवलं असेल जिथे त्याने टाकलेली गरम हवा परत त्याच्याच मागून आत जाते, तर ते काम होणार कसं? दिवसा एसी बिलकुल थंड करत नाही पण पहाटे बरा चालतो, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के संशय मी आउटडोअरवर घेईन. गॅस कमी असेल तर पहाटेसुद्धा फारसा जोर नसतो. साफ करताना मेन स्विच बंद, साधा पाण्याचा पाइप, आणि पाणी पत्र्यांच्या रेषेत सरळ मारायचं. जोराचा जेट तिरका मारला की ते कागदासारखे पातळ पत्रे आडवे होतात आणि हवा जायची वाटच बंद.

आता मोजमाप. साधा थर्मामीटर घ्या, स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर असतो तोही चालेल. एसी १५-२० मिनिटं पूर्ण जोरात चालू द्या, मग एकदा वरच्या जाळीपाशी जिथून हवा आत ओढली जाते तिथलं तापमान बघा आणि एकदा खाली जिथून बाहेर येते तिथलं. फरक ८ ते १२ अंश सेल्सिअस असेल तर मशीन आपलं काम करतंय. हवा फार दमट असेल तर फरक थोडा कमी येतो, कारण बरीच ताकद हवेतल्या वाफेचं पाणी करण्यात जाते. फरक चांगला येत असूनही खोली थंड होत नसेल तर दोष एसीत नाही, खोलीत आहे: ऊन, काच, उघडी फट, वरची तापलेली स्लॅब, किंवा मुळातच कमी टनाचा एसी. ही पाच मिनिटांची टेस्ट मी पहिल्या वर्षी केली असती तर पुढची सगळी वरात टळली असती.

फरक दोन-तीन अंशच येतोय किंवा येतच नाहीये, तेव्हा बाहेर जाऊन ऐका. पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसरचा खोल आवाज नाही, नुसतं "हूं" करून काही सेकंदांनी बंद पडतंय आणि थोड्या वेळाने परत तेच, तर साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत पहिला आरोपी कपॅसिटर. कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा डबा असतो, फुगलेला दिसला तर विषयच संपला, नाही फुगला तरी मीटरवर त्याचे मायक्रोफॅरड छापील आकड्यापेक्षा बरेच कमी दाखवू शकतो. एकदम स्वस्त पार्ट आहे, आणि कपॅसिटर गेलेल्या कितीतरी एसींना उगाच गॅस पाजला जातो. पण तुम्ही हात घालू नका. मेन बंद केलं तरी त्यात चार्ज उरतो, आणि इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या कार्डवर तर बंद केल्यावरही काही मिनिटं तीनशेच्या वर व्होल्ट डीसी असू शकतात. तिथे बघायचं आणि सांगायचं काम आपलं, उघडायचं काम ज्याचं त्याचं.

अजून एक टेस्ट मेकॅनिकला जरूर करायला लावा, क्लॅम्प मीटर लावून अँपिअर बघणं. आउटडोअरच्या स्टिकरवर अँपिअर छापलेले असतात. साध्या एसीत गॅस खरंच कमी असेल तर कॉम्प्रेसरवर भारच कमी येतो, म्हणून करंट छापलेल्यापेक्षा कमी दिसतो. उलट बाहेरची कॉइल चोक झाली असेल तर करंट वर चढतो. म्हणजे कूलिंग नाही आणि अँपिअर जास्त असं असेल तर गॅस कमी नाहीये, अशा वेळी गॅस घातला तर कॉम्प्रेसरचे हाल दुप्पट. माझ्याकडे पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं असणार. कॉइल धुळीने बंद होती, गॅस भरताना त्याने जाता जाता आउटडोअरवर पाणीपण मारलं, आणि फरक पडला तो पाण्याने, श्रेय मिळालं गॅसला.

बरं, गॅस खरंच कमी आहे हे बाहेरून कसं ओळखायचं? आउटडोअरच्या बाजूला दोन पितळी व्हॉल्व्ह असतात, एकाला बारीक पाइप, एकाला जाड. बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब उतरवणारा भाग बाहेरच्या युनिटमध्येच असतो, त्यामुळे एसी नीट चालत असताना दोन्ही पाइप गार लागतात आणि जाड पाइपला घाम येतो. गॅस कमी झाला की बारीक व्हॉल्व्हवर पांढरं दव गोठायला लागतं आणि जाडा पाइप कोमट किंवा जेमतेम गार. आतल्या कॉइलवरही एका कोपऱ्यातच बर्फ आणि बाकी कोरडी, असं दिसतं. याउलट अख्खी कॉइल बर्फाने झाकली गेलीय आणि जाडा पाइपपण पांढरा झालाय, तर आधी हवेचा रस्ता तपासा, फिल्टर, ब्लोअर, पंख्याचा स्पीड.

गॅस कमी झाला की बर्फ का होतो हे मला आधी कळायचंच नाही, उलट कमी थंड व्हायला पाहिजे ना? कारण असं की कॉइलमधला दाब पडला की गॅस अजून कमी तापमानाला उकळतो. आर-३२ या गॅसचा दाब साधारण १०३ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) खाली आला की कॉइल शून्य अंशाच्या खाली जाते, जुन्या आर-२२ मध्ये हाच आकडा ५७-५८ च्या आसपास. मग हवेतलं बाष्प पाणी होऊन टपकायच्या ऐवजी तिथेच गोठतं, बर्फ हवा अडवतो, हवा अडली की अजून बर्फ. रात्रभर असं चालतं आणि सकाळी एसी बंद केला की तो सगळा बर्फ वितळून भिंतीवरून पाणी ओघळतं, आणि आपण तक्रार देतो पाणी गळतंय म्हणून! मूळ कारण गॅसची गळती आणि माणूस येऊन ड्रेन पाइप फुंकून जातो.

आता गेजबद्दल, म्हणजे माझ्या दुखण्याबद्दल. जाड व्हॉल्व्हला एक छोटं तोंड असतं, आत मोटरसायकलच्या ट्यूबसारखी पिन. मेकॅनिक लोक त्याला पिन व्हॉल्व्ह म्हणतात. गेजचा पाइप लावला की पिन दबते आणि दाब कळतो. लावताना काढताना थोडा गॅस फुस्स करून जातोच, आणि पिनची रबरी सील दर वेळी थोडी थोडी झिजते, कचरा बसला तर नीट मिटत नाही. म्हणून त्यावर पितळी टोपी असते आणि खरं सीलबंद ती टोपीच करते. माझ्या आउटडोअरची टोपी पहिल्या वर्षी गॅस चेक करणाऱ्याने काढली आणि परत लावलीच नाही, आउटडोअरच्या तळाशी पडलेली होती ती, धुळीत, तीन वर्षं! पिनमधून बारीक बुडबुडे येत होते. वर्षभर हळूहळू जायचा गॅस, उन्हाळ्यात तळ गाठायचा, पुढचा यायचा, परत गेज, परत भर, परत टोपी नाही. चौथ्याने पिन बदलली, टोपी पुसून आवळली, बाकीचे जोड तपासले, आणि तेव्हापासून गॅसचं नाव काढलेलं नाही. आज आत्ता उठून तुमच्या आउटडोअरच्या दोन्ही व्हॉल्व्हच्या टोप्या आहेत का बघा. खरंच बघा. मात्र ते खिडकीबाहेर लटकत असेल तर आतूनच फोटो काढून बघा, वाकू नका.

गळतीच्या बाकीच्या जागाही ठरलेल्या आहेत. फ्लेअर जोड पहिला. तांब्याच्या पाइपाचं तोंड तुतारीसारखं पसरवून पितळी कोनावर नटाने दाबायचं, असा तो जोड असतो, धातूवर धातू. पसरवलेलं तोंड वेडंवाकडं, कापल्यावर आतली किनार घासलेली नाही, नट ढिला किंवा उलट एवढा आवळला की तांबं चिरलं, यातलं काहीही झालं की हळूहळू गॅस जातो. काही जण त्यावर पांढरी टेप गुंडाळतात, नळाला गुंडाळतात तशी, ती इथे काही कामाची नाही, कारण सील आट्यांवर होतच नाही. दुसरी जागा आउटडोअरच्या आतल्या बारीक नळ्या. एकमेकींना किंवा पत्र्याला टेकल्या असतील तर थरथरून थरथरून झिजतात आणि एक दिवस भोक. तिसरी म्हणजे आतली कॉइल. तांब्याला आतून मुंग्यांनी पोखरल्यासारखी सूक्ष्म भोकं पडतात, त्याला फॉर्मिकरी करोजन म्हणतात, आणि घरातल्या हवेतली आम्लं, काही क्लीनर, गोंद, नवीन फर्निचर यांतून निघणारी रसायनं ओलसर तांब्यावर बसून हे होतं. दिसत काहीच नाही, गॅस मात्र जातो.

घरमालकाला दिसू शकणारी एक खूण आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून काळा चिकट ठिपका तयार होतो. नटाच्या भोवती, व्हॉल्व्हवर, कॉइलच्या वळणांवर असा ठिपका दिसला तर फोटो काढून ठेवा. साबणाच्या फेसाची टेस्टही घरी करता येते, भांड्याच्या लिक्विडचा घट्ट फेस आणि ब्रश, बास. पण ती एसी बंद करून पंधरा मिनिटांनी करायची, चालू असताना नाही, हे मला चौथ्या मेकॅनिकने सांगितलं. कारण चालू असताना या जोडांमध्ये दाब कमी असतो, आर-३२ ला ११०-१४० च्या दरम्यान धरा, आणि बंद केल्यावर दोन्ही बाजू सारख्या होऊन ३० अंशाच्या हवेत तोच दाब २६० पीएसआयच्या आसपास जातो, मग बारीक गळतीसुद्धा बुडबुडा दाखवते. एका जागी निदान दोन मिनिटं बघत राहा, बारीक गळतीचा फेस सावकाश फुलतो.

भरलेला गॅस किती दिवस टिकतो हाही पुरावा आहे, तारखा लिहून ठेवा. वर्षभर टिकला तर बहुधा पिन किंवा फ्लेअर. महिना-दोन महिने टिकला तर कॉइल किंवा घासलेली नळी असण्याची शक्यता जास्त. आठवडाही टिकला नाही तर ज्याने गळती न शोधता भरला त्याला परत बोलावू नका.

आणि भरायची रीत. इथे मी जरा हट्टी झालोय आता. गळती सापडून दुरुस्त झाली की आधी पाइपांमध्ये नायट्रोजन भरून दाब धरतोय का ते बघायचं. नायट्रोजनच, कारण तो कोरडा असतो आणि पेटत नाही. कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा, दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो, ही गंमत नाही. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची. नुसता पंप घरघर करत होता म्हणून व्हॅक्यूम झालं असं नसतं, मायक्रॉन गेजवर (किती निर्वात झालं ते दाखवतो तो) ५०० च्या खाली जाऊन पंप बंद केल्यावर तिथेच टिकलं पाहिजे. निर्वात झालं की पाणी खोलीच्याच तापमानाला उकळून वाफ होऊन निघून जातं, हे त्यातलं खरं काम. बरेच जण हे टाळून थोडा गॅस सोडून हवा "पर्ज" करतात, दोन मिनिटांत मोकळे. मागे राहिलेली ओल नव्या मशीनच्या तेलात शिरते, आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, खातं. तो जातो दोन-तीन वर्षांनी, तेव्हा कोणाला आठवतंय कोणी पर्ज केलं होतं.

शेवटी गॅस वजनावर. आउटडोअरच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं किती भरायचा ते, दीड टनाच्या आर-३२ एसीला साधारण पाऊण ते सव्वा किलो, पाइप लांब असेल तर मीटरमागे थोडा जास्त, तेही मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा आणि मोजून सोडायचा. इन्व्हर्टर एसीत तर दाब बघून भरणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे, कारण कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलतो आणि वेगाबरोबर दाबही. काटा नसेल तर काटा घेऊन या म्हणायचं. एकदा म्हणून बघा, समोरचा माणूस लगेच ओळखतो की इथे टोपी घालता येणार नाही. (आउटडोअरची टोपी मात्र घालायला लावा.)

गॅस कुठला तेही स्टिकरवरच असतं. आर-३२ एकच पदार्थ आहे. आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ चं निम्मं-निम्मं मिश्रण, त्यामुळे ते सिलिंडरमधून द्रव रूपातच काढायचं असतं, नाहीतर प्रमाण बिघडतं. आर-२२ हा जुना, ओझोनचा थर खराब करतो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार बाद होत चाललाय, विकसित देशांत २०२० ला संपला आणि विकसनशील देशांची मुदत २०३० ची आहे. आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ घालून देतो म्हणणारे भेटतात, अजिबात घालू देऊ नका, त्याचा दाब दीडपटीहून जास्त आहे, ते पाइप आणि कॉम्प्रेसर त्यासाठी बनलेलेच नाहीत. आणि आर-३२ मंद का होईना, पेटू शकतो. मोठी गळती झाली असेल तर खिडक्या उघडा, हवेपेक्षा जड असतो म्हणून खाली साचतो, आणि पाइपात गॅस असताना कोणी गॅसची ज्योत पेटवून ब्रेझिंग करायला बसला तर थांबवा. जळालेल्या गॅसमधून विषारी आम्लाची वाफ निघते. उरलेला गॅस हवेत सोडून देणंही बरोबर नाही, एक किलो आर-४१०ए म्हणजे तापमानवाढीच्या हिशोबात दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड.

मग दुरुस्त करायचा की बदलायचा? फ्लेअर, पिन, कपॅसिटर, ड्रेन, सेन्सर, यासाठी एसी बदलायचा विचारही करू नका, मशीन दहा वर्षांचं असलं तरी. आतली कॉइल पोखरली असेल तर वय बघा. पाच वर्षांच्या आतलं असेल तर वॉरंटी कार्ड काढा, कॉम्प्रेसरची वॉरंटी बऱ्याचदा लांबची असते आणि कॉइल, कार्ड यांची वेगळी, नीट वाचा. कॉइलला वेल्डिंगचं ठिगळ लावून देतो म्हणतात, पोखरलेल्या कॉइलमध्ये एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं, मी तरी लावणार नाही. कॉइल किंवा कॉम्प्रेसरचा खर्च नव्या एसीच्या निम्म्याच्या वर जात असेल आणि मशीन दहा वर्षांच्या पुढचं असेल, किंवा आर-२२ चं असेल, तर बदला. कॉम्प्रेसर जळला असेल तर अजून एक खोच आहे, जळालेल्या तेलाचं आम्ल सगळ्या पाइपांत पसरलेलं असतं, नीट धुऊन नवीन ड्रायर (ओल शोषणारा फिल्टर) न लावता नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही जातो.

नवीन घेताना उगाच टन वाढवू नका. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता उपसायची ताकद, पूर्वी एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो त्यावरून हे माप आलं. लहान खोलीत मोठा एसी लावला की तो पाच मिनिटांत तापमान गाठून थांबतो आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो, खोली गार पण चिकट. आणि जुने तांब्याचे पाइप वापरून टाकू म्हणाले तर विचारा जाडी पुरेशी आहे का, आतलं जुनं तेल धुणार का, आणि फ्लेअर नवीन करणार ना. जुनंच तोंड नव्या नटाला लावलं की नव्या एसीला पहिल्या दिवसापासून जुना रोग. बसवायच्या दिवशी घरीच थांबा, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा), व्हॅक्यूम पंप आणि मायक्रॉन गेज गाडीतून उतरलेत का बघा.

ज्यांचा एसी थंडीत गरम हवाही देतो त्यांच्यासाठी दोन शब्द. गॅस कमी असेल तर गरम आणि गार दोन्हीकडे जोर कमी होतो. एक नीट चालतं आणि दुसरं अजिबात नाही, असं असेल तर गॅसची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह किंवा त्याची विजेची कॉइल बघायला सांगा, गॅस नाही. आणि कडाक्याच्या थंडीत आउटडोअरवर दव गोठणं, मधेच पाच-दहा मिनिटं गरम हवा थांबणं, बाहेर वाफ निघणं हे बिघाड नाहीत, मशीन आपला बर्फ आपणच वितळवतंय, त्याला डिफ्रॉस्ट म्हणतात. बर्फाची जाड लादी झाली आणि ती जातच नाही, तेव्हा फोन करा.

हां, एक राहिलंच. कॉइलवर बर्फ झालेला दिसला की सुरी, स्क्रूड्रायव्हर काहीही घेऊन खरवडायला जाऊ नका, आतलं तांबं आणि अॅल्युमिनियम दोन्ही फार पातळ असतं, एका ओरखड्यात होता नव्हता तो सगळा गॅस बाहेर. कूलिंग बंद करून नुसता फॅन मोड लावा, खाली जुनी चादर अंथरा आणि तास-दोन तास थांबा. आणि मेकॅनिक येणार असेल त्याच्या आधी हे करा, कारण गोठलेल्या कॉइलवर लावलेला गेज हमखास गॅस कमीच दाखवतो.